दिवाळसणाचं विमान

काही घरांत भांडी साठतात, आमच्या घरात फजित्या साठल्या. स्टाफरूममध्ये एक सांगायला घेतली की मागोमाग दुसरी येते, आणि सगळ्यांचा नायक मीच!

दिवाळसणाला मला घड्याळ हवं होतं. विमानदलातून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेल्या सासऱ्यांनी दिला एक खोका. आत विमानाच्या मॉडेलचे शंभरेक प्लास्टिकचे तुकडे! "जावईबापू, याच विमानावर जिंदगी गेली माझी. पुढच्या भाऊबीजेले पोरीले न्यायले येईन, तवा पाहीन."

मास्तराच्या हातात कसब नसतं, असं त्यांचं ठाम मत. म्हणजे ही परीक्षाच होती, आणि मला काहीही करून पास व्हायचं होतं.

*

मी इंग्रजी शिकवतो, त्यामुळे सूचनांचा कागद मीच वाचला. तुकड्यांना 'सिमेंट' लावा! तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं. आमच्या शहापूरहून भंडाऱ्याला गेलो, अर्ज मागितला.

"काय बांधून राहिले, गुरुजी?" कारकुनाने विचारलं.

"विमान."

त्याने पेन उचललं. "मजले किती लिहू?"

घरी आलो तर बायको, कुसुम, खोक्यातली गोंदाची ट्यूब घेऊन उभी. वर ठसठशीत लिहिलेलं, सिमेंट! "मी सातवीच शिकली, पन मले वाचता आलं!"

*

रंग आणला ड्रॉइंगच्या डोमाजी मास्तरांनी, लोखंडी पेट्यांना मारतात तो चंदेरी. ओलं विमान मी अंगणात वाळत ठेवलं. शेजारी धान उपणत होते, ते माझ्या ध्यानातच आलं नाही. वारा फिरला आणि सगळा भुसा पंखांवर!

शेजारीण म्हणाली, "गुरुजी, तुमच्या विमानाले त केस आले!"

*

पंखांवर तिरंगी चकत्या लावायच्या होत्या. पाण्यात भिजवून कागदावरून अलगद सरकवायच्या. एक सरकली ती माझ्या हातावर, आणि घासूनही निघेना. तसाच शाळेत गेलो.

हेडमास्तर म्हणाले, "गोंदूनच घ्याचं होतं त बायकोचं नाव गोंदाचं ना!"

*

शेवटी विमान उभं केलं, तर ते शेपटीवरच बसलं, नाक आभाळात! नाकात वजन भरायचं राहिलं होतं. मी पार हिरमुसलो.

डोमाजी म्हणाले, "बिघडलं कुठी? सांगाचं, उडून राहिलं म्हनून."

"आणि सासऱ्यांनी विचारलं, उतरतं कधी?"

"सांगाचं, तुमी गेल्यावर!"

*

भाऊबीजेला सासरे आले. चष्मा पुसून विमान न्याहाळू लागले.

"नाक वर काहून हाये?"

"उडतंय ना, मामा."

"अस्सं! मंग चालवून कोन राहिला?"

मी खोका उपडा केला. बोटाच्या पेराएवढा पायलट टपकन बाहेर पडला. पायलटच्या जागेवरची काच तर मी केव्हाच चिकटवून टाकली होती! सासरे एकदा पायलटकडे बघत होते, एकदा माझ्याकडे. तेवढ्यात कुसुम चहा घेऊन आली.

"शहाना हाये तो, बाबा. जोडनाऱ्याले पाह्यलं अन् बसलाच नाही. मले त तुमी न इचारताच मांडवात बसवून देल्लं!"