मागच्या दारावरची ठकठक

आधीच सांगते... मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. शेजारच्या काकूंना चिंचेखाली कोणी उभं दिसलं, तेव्हा मी त्यांना चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितलं होतं. इथे असले अनुभव लिहिणाऱ्यांची मनातल्या मनात भरपूर टिंगल केली आहे. आता माझी पाळी आहे, तर हसा खुशाल.

मी चंद्रपूरची. माझे बाबा कोळसा खाणीत फिटर होते, गेल्या पावसाळ्यात ते गेले. घरी आता मी, आई आणि बाबांची गाडी — मागचं दार वर उचलून उघडायचं असतं ना, तशातली. मी कॉलेजात असताना त्यांनी ती जुनीच विकत घेतली आणि आईपेक्षा जास्त लाड तिचे केले (असं आई म्हणते).

बाबांना इंजिनाचा आवाज चालायचा. पण मागच्या दारातून 'कुईं' ऐकू आलं की त्यांना जेवण गोड लागायचं नाही. हा आवाज असा लबाड, की उभ्या गाडीत कधीच येत नाही, खडबडीत रस्त्यावर गाडी चालू असतानाच येतो. म्हणून त्यांची एक पद्धत होती — 'आवाज धरणं'. ते गाडी हळूहळू चालवणार आणि मी मागे, सामानाच्या जागेत, मांडी घालून बसणार. दाराच्या कडेकडेनं एकेका जागी तळवा दाबून बघायचा. जिथे दाबल्यावर कुईं थांबेल, तिथे चोर! सापडला की पत्र्यावर दोनदा ठोकायचं — ठक ठक. सुरुवातीला मी ओरडून सांगायचे, पण एका खड्ड्यात ओरडता ओरडता जीभ चावली गेली, तेव्हापासून ठक ठक. मग बाबा गाडी थांबवून मागे येणार, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून तिथे बसवणार आणि म्हणणार, "धरला का नाई बाई आपण त्याले!"

रविवारची अख्खी सकाळ त्यात जायची. दुर्गापूरवरून मोहर्लीच्या रस्त्याला लागायचं, शेतांमध्ये कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले असायचे, मांडीवर आईनं दिलेला चिवड्याचा डबा. खरं सांगायचं तर काही वेळा आवाज आधीच सापडलेला असायचा आणि मी उगाच ठोकायला उशीर करायचे. मला त्या रविवारांची फार आठवण येते.

बाबा गेले आणि थोड्याच दिवसांत कुईं परत आलं. गॅरेजवाल्यानं बिजागऱ्यांना ग्रीस दिलं, दाराची रबरी पट्टी बदलली. एक दिवस गाडी गप्प, दुसऱ्या दिवशी पुन्हा कुईं. मी एकटी असते तर गाणी मोठ्यानं लावून दुर्लक्ष केलं असतं. पण मोहर्लीची मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, अंथरुणाला खिळली होती आणि 'एकदा येऊन जा' असे तिचे निरोपावर निरोप येत होते. आईचे गुडघे असे की बसची पायरी चढवत नाही. म्हणून तिला आमच्या गाडीत बसवलं. गल्लीच्या टोकाशी पोचलो, कुईं झालं... आणि आई रडायलाच लागली.

"थांबव. मले उतरव."

"काऊन वो आई? काय झालं?"

"थो आवाज आला का मले वाटते, थे मागं बसून धुंडून राह्यले. आन् सापडून नाई राह्यलं त्याईले."

उतरलीच ती. पुन्हा बसायला तयार होईना. तिकडे मावशीनं जेवण कमी केलं होतं. दोघी बहिणींची भेट एका कुईंमुळे राहून जाणार, या विचारानं मला झोप येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच गाडी घेऊन निघाले. आवाज धरायला दोघं लागतात हे मला ठाऊक होतं, म्हणून मागे मोबाइल रेकॉर्डिंगला ठेवला. निदान डावीकडून येतो की उजवीकडून, एवढं तरी कळेल. दुर्गापूरच्या पुढे एक कच्चा रस्ता शेतांकडे जातो, बाबांचा आवडता. तिथे गाडी घातली. लख्ख ऊन, समोर कापणीच्या बाया चाललेल्या. मागे कुईं... कुईं... चालूच.

आणि ते थांबलं. खड्डे तेच, वेग तोच, पण आवाज कोणी तळव्याखाली दाबून धरावा तसा बंद झाला. मग मागून, डाव्या बाजूनं — ठक ठक.

मी ब्रेक मारला. घाबरून नाही हो, सवयीनं! "सापडला?" असं तोंडातून निघूनही गेलं. मग भानावर आले. आमच्याकडे जंगलाजवळ गाडीतून उतरण्याआधी दोन्हीकडे बघतात ते वाघासाठी. त्या दिवशी मी फक्त मागे बघत होते. मागे मोबाइल आणि जॅकशिवाय काही नव्हतं. जॅक बाबांनीच धोतराच्या फडक्यात बांधून ठेवलेला, तो जागचा हलला नव्हता.

मागचं दार उचललं. डावीकडे, जिथे दार मिटल्यावर टेकतं, तिथला रबरी गुटका झिजून बाजूला सरकला होता. सीटखालच्या बाबांच्या हत्यारांच्या पिशवीतून ट्यूबचा तुकडा काढला, गुटक्याखाली बसवला, स्क्रू आवळला. त्याच रस्त्यावरून पुन्हा गाडी नेली तर एकदम शांत. मग मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून भरपूर रडले.

दगड उडून पत्र्यावर आपटला असेल, असं म्हणाल. मीही म्हटलं. मग घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं. कुईं आहे, ते मध्येच तुटलेलं आहे, माझं "सापडला?" आहे. ठक ठक नाही.

आईला यातलं काही सांगितलं नाही, फक्त गाडी नीट झाली म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन निघाले. ती माझ्या शेजारी पदर मुठीत धरून बसलेली, कान मागे लावून. दुर्गापूर गेलं, खडबडीत रस्ता आला, गाडी गप्पच. पद्मापूरपाशी तिनं विचारलं,

"आवाज कोनं धरला?"

"मी."

"आन् गाडी कोनं चालवली?"

थाप मारता आली असती, पण सुचली नाही. "मीच," म्हटलं.

इतक्या रविवारांचा चिवडा तिनं बांधून दिला होता, या कामाला किती माणसं लागतात ते तिला सांगायची गरज नव्हती. मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, मागे वळली आणि जेवायला वाढताना बाबांशी बोलायची त्याच आवाजात म्हणाली,

"सापडलं ना? मंग बसा आता आरामानं."

मावशीची भेट झाली. दोघी संध्याकाळपर्यंत एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या.

काय झालं ते मला अजूनही कळलेलं नाही. कोणाला कळलं तर जरूर लिहा, मी वाचेन. कुईं त्यानंतर आलेलं नाही. कधी कधी वाटतं, यावं. भाजीच्या पिशव्या मात्र मी आता मागे टाकत नाही, पुढच्या सीटवर ठेवते.