काकांचा चामडी पट्टा

ओली तुरटी गालाला लागली की मला २०१६ सालचं डहाणूतलं ते सलून आठवतं. वस्तऱ्याने दाढी करायची हौस मला नुकतीच लागली होती आणि वस्तरा परजायला स्वस्तातला चामडी पट्टा हवा होता. म्हाताऱ्या न्हावीकाकांनी स्वतःचा वापरातला दाखवला. मी चार लेख वाचून गेलो होतो.

“काका, यावर काप पडलेत. वस्तरा फिरवताना हात थरथरतो तुमचा. निम्म्यात द्या.”

खुर्चीतल्या मच्छीमाराने गालावरचा फेस टॉवेलने पुसला.

“बस रे, झालंच,” काका म्हणाले.

“उद्या येतो,” म्हणत तो समोरच्या सलूनमध्ये शिरला.

काकांनी पट्टा गुंडाळून माझ्या हातात ठेवला. “घेऊन जा. आता मला कशाला?”

पैसे त्यांनी घेतले नाहीत. मीही आग्रह केला नाही. सौदा छान जमला, असं तेव्हा वाटलं होतं.