भेगेवरची काच

“काच फुटली की माणसं आधी झाडू शोधतात,” काचमामा एकदा म्हणाले होते. “का फुटली, ते कुणी बघत नाही.”

तेव्हा ते शिडीच्या चौथ्या पायरीवर होते. ओठांत दोन बारीक खिळे धरलेले, त्यामुळे शब्द गाळून आल्यासारखे येत होते. खाली मी, एका विभागाचा कारकून, कामाचा कागद घेऊन त्यांच्या सहीसाठी थांबलो होतो. वाक्य ऐकलं, हसलो आणि विसरलो. पुढे ते असं आठवत राहील, असं वाटलं नव्हतं.

विद्यापीठाच्या दुरुस्ती विभागात काचा बसवणं हे त्यांचं काम. एकतीस वर्षं. प्रयोगशाळांची कपाटं, वाचनालयाच्या खिडक्या, कुलगुरूंच्या दारावरचं नक्षीचं तावदान, सगळीकडे त्यांचे हात लागलेले. पण हात दिसत नसत. काच नीट बसली की ती बसवणारा माणूसही नाहीसा होतो. खोलीत मामा काम करत असले तरी लोक एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत बसायचे.

आधी ते एकीचेच मामा होते, मग सगळ्यांचे झाले. ती एक म्हणजे त्यांच्या बहिणीची मुलगी. ती नऊ वर्षांची असताना वडील गेले, तेव्हापासून मायलेकी मामांच्याच घरी. मामांनी लग्न केलं नाही. “काचेचं सामान आहे माझं, कशाला कुणाला आणायचं त्यात,” एवढं म्हणून विषय संपवत.

त्यांची एक रीत होती, वडिलांकडून आलेली. वडीलही काचवालेच. आपल्या हातची काच आपोआप तडकली, तर मालकाला कळायच्या आत ती बदलायची. बोभाटा करायचा नाही, सबब सांगायची नाही. तुटलेला तुकडा घरी न्यायचा, कागदात गुंडाळायचा, वर तडकल्याची तारीख घालायची आणि पत्र्याच्या चपट्या डब्यात ठेवायचा. सुट्टीच्या दिवशी ते तुकडे उजेडात धरून बसत. कापताना हिरकणी, ती काच कापायची हिऱ्याच्या टोकाची लेखणी, डगमगली का? चौकट आवळ बसली का? दुसऱ्या कुणाला दाखवत नसत. ज्याची त्याची लाज असते, तशी ती त्यांची होती.

भाची शिकली, जुन्या इमारती टिकवण्याच्या अभ्यासाकडे वळली. पाच वर्षांपूर्वी तिने संशोधनासाठी विद्यापीठाचंच जुनं सभागृह घेतलं. त्याच्या मधल्या दगडी कमानीला वरून खाली एक भेग गेली होती. ती धोक्याची म्हणून सभागृहाला टाळं होतं. भेग जुनी होती, हे सगळ्यांना ठाऊक. ती अजून चालतेय की थांबलीय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते शोधायचं ठरलं आणि भेगेवर आडवी काचेची पट्टी बसवायची ठरली. वीतभर लांब, बोटाएवढी रुंद, दोन्ही टोकांना चुन्याच्या गोळ्याने भिंतीत पक्की.

बसवणार कोण, हा प्रश्नच नव्हता. मामांनी पट्टी कापली, भाचीने सांगितलेली तारीख तिच्यावर हिरकणीने कोरली.

“मामा, माझं सगळं या काचेवर आहे हं. हिचं असं असतं की...”

“काच कशी असते, हे तू मला शिकवणार?”

ती हसली. वाक्य तिथेच राहिलं. पाच वर्षं ते तसंच अर्धं राहिलं.

वर्षभराने ती पुढच्या कामासाठी दुसऱ्या शहरात गेली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला फोन करायची. इकडचं तिकडचं बोलून झालं की विचारायची, “मामा, काच शाबूत?” मामा म्हणायचे, “एकदम शाबूत.” ती वहीत खूण करायची. मध्ये एकदा येऊन फोटो काढून गेली. काच स्वच्छ, तारीख जागेवर. यंदा ती परतली तेव्हा प्रबंधाचं शेवटचं प्रकरणच तेवढं उरलं होतं.

त्याच सुमारास विद्यापीठाच्या संशोधनपत्रिकेचा नवा अंक निघायचा होता. चार निबंध होते. छोट्या दुकानांवरचा कर शेवटी कुणाच्या खिशातून जातो, हा एक. दूरच्या दवाखान्यातल्या रोग्याचे ठोके शहरात ऐकवणाऱ्या यंत्राचा दुसरा. तळ्यावर साचणाऱ्या हिरव्या थराचा तिसरा. आणि चौथा भाचीचा, कमानीचा. पत्रिका काढणाऱ्या आमच्या विभागाच्या प्रमुख बाईंना कल्पना सुचली की प्रकाशन त्या सभागृहातच करायचं. अकरा वर्षांनी टाळं निघेल, निबंधाचा निष्कर्ष लोकांना डोक्यावरच दिसेल. शनिवार ठरला. दोनशे खुर्च्या.

गुरुवारी दुपारी भाची छापील पानं घेऊन मामांच्या कामाच्या खोलीत आली. मी तिथेच होतो, एका तुटलेल्या तावदानाची तक्रार घेऊन.

“मामा, आधी हात पुसा. तेलकट बोटं लावायची नाहीत.”

“काय आहे?”

“तुमची काच छापून आलीय.”

मामांनी चष्मा कपाळावर सारला, पान डोळ्यांजवळ नेलं. “चुना जरा जास्तच लागलाय डाव्या बाजूला.”

“फोटोत चुना बघणारे तुम्ही जगात एकटेच असाल. हे वाचा. नको, मीच वाचते.” तिने खाकरून घसा साफ केला. “पाच वर्षांच्या काळात साक्षीची काच एकदाही भंगली नाही. यावरून कमानीची हालचाल पूर्णपणे थांबली आहे, असा निष्कर्ष काढता येतो.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय? भिंत केसभर जरी हलली असती तरी काच तुटली असती. काच ताणत नाही ना, तुटतेच. म्हणून तर काच लावतात. तुम्हाला माहीतच आहे.”

मामांनी पान तिच्या हातात परत दिलं. “हो,” म्हणाले. आणि टेबलावरची हिरकणी उचलून, कापायला काही नसताना, पुसत बसले.

त्यांना तेव्हा काय उमगलं, ते मला दुसऱ्या दिवशी समजलं. भाची गेल्यावर त्यांनी शिडी उचलली. तावदानाचं उद्या बघतो म्हणाले. ते कधी काम उद्यावर टाकत नसत.

सभागृहात माणसं खुर्च्या पुसत होती. मामांनी कमानीला शिडी लावली, वर चढले. पट्टीच्या मधोमध एक रेघ गेली होती, इतकी बारीक की तिरका उजेड पडला तरच दिसावी. त्यांनी बोट फिरवलं. रेघ बोटाला लागली. खाली कुणीतरी शीळ घालत होतं, खुर्चीचे पाय फरशीवर करकरत होते. मामा शिडीवर बराच वेळ उभे होते, असं तिथल्या एकाने मला नंतर सांगितलं. “वाटलं, चक्कर आली म्हाताऱ्याला.”

त्या संध्याकाळचं त्यांच्या बहिणीकडून कळलं. ती भाजी निवडत होती. मुलगी जमिनीवर पानं पसरून भाषणाची तयारी करत होती. मामा आले, चप्पल न काढता दारातच उभे राहिले.

“ती काच पहिली नाही,” ते म्हणाले.

“कुठली?”

“कमानीवरची. पाचवी आहे.”

मुलगी आधी हसली. “काहीतरीच काय मामा. तारीख पहिलीच आहे तिच्यावर.”

“ती मीच कोरली. आधीच्या काचेवर होती तशी.”

“का?”

“माझ्या हातची होती. तडकली. बदलली.”

“पण फोनवर तुम्ही दर वेळी शाबूत म्हणालात!”

“शाबूतच होती,” मामा म्हणाले. “बदलल्यावर.”

बहिणीच्या हातातली शेंग तशीच राहिली. “दादा, किती वेळा सांगितलं तुला, ही बदलाबदलीची खोड सोड म्हणून.”

मुलगी उठली, दार लावलं, पाठ दाराला टेकवली. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, “कुणाला बोललात?”

“नाही.”

“मग शनिवार होऊ दे. एवढा एक दिवस. सोमवारी मी स्वतः बाईंना सांगते. नवीन मोजणी करू, वर्षभर थांबू, काय वाटेल ते करू.”

“दोनशे माणसं बसणार आहेत.”

“शंभर वर्षं उभी आहे ती कमान! शनिवारच्या दोन तासांत कोसळणार आहे का?”

“पाचवीला पण रेघ गेलीय. आज बघून आलो.”

मग मुलगी रडली नाही, ओरडलीही नाही, नुसती खाली बसून पानं गोळा करू लागली. “पाच वर्षं माझी,” ती म्हणाली. “आणि तुमचे निवृत्तीला सात महिने. ठेवतील का तुम्हाला, हे कळल्यावर?”

“माझं सोड.” मामांनी चप्पल काढली. “निबंध तुझा आहे. सांगायचं ते तू सांग. उद्या अकराला बैठक आहे ना, मलाही बोलावलंय. मी येतो.”

रात्री कुणी नीट जेवलं नाही. सकाळी तो पत्र्याचा डबा जागेवर नव्हता.

बैठक बाईंच्या खोलीत होती. बाई, भाची, मामा आणि टिपणं घ्यायला मी. बाई खुशीत होत्या. पाहुणे कुठे बसणार, ध्वनिक्षेपक कुठे, कापड कुठल्या रंगाचं. भाची विचारल्याचं उत्तर तेवढं देत होती. मामा दाराजवळच्या खुर्चीवर, मांडीवर रुमालात बांधलेलं काहीतरी. ते तिच्याकडेच बघत होते. तिने एकदाही त्यांच्याकडे बघितलं नाही.

“आणि शेवटचं,” बाई म्हणाल्या, “नोंदीसाठी विचारते. आज शुक्रवारी काच शाबूत आहे ना? मामा, तुम्हीच सांगा, तुमचं बाळ आहे ते.”

मामांनी हाताने भाचीकडे खूण केली. बाईंची नजर भाचीकडे वळली. माझं पेन कागदावर टेकलेलं.

“शाबूत आहे,” भाची म्हणाली.

मी तो शब्द लिहिला. शाई वाळली नव्हती तेव्हा मामा उठले. रुमाल सोडला, डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं. आत कागदाच्या चार पुड्या. त्यांनी त्या एकीखाली एक मांडल्या आणि उघडल्या. प्रत्येकीत दोन तुकडे, प्रत्येकीच्या काचेवर तीच कोरलेली तारीख, आणि प्रत्येकीच्या कागदावर पेन्सिलीने दुसरी.

“हे काय आहे?” बाईंनी विचारलं.

मामा भाचीकडे बघत राहिले. मग तिने हात पुढे केला, पहिला कागद ओढला.

“कमानीवरच्या पट्ट्या आहेत,” ती म्हणाली. “तुटलेल्या.” तिने तारखा वाचल्या, एकेक करून, मास्तरांपुढे उभं राहून वाचावं तशा. आणि वाचता वाचता तिच्यातली संशोधक जागी झाली असावी, कारण ती थांबली, बोटांवर महिने मोजले. “पहिली दोन वर्षं टिकली. दुसरी सोळा महिने. तिसरी दहा. चौथी सहा.”

बाईंच्या हातातला चष्मा टेबलावर आला. “भिंतीवर आत्ता आहे ती?”

“पाचवी. चार महिनेही झाले नाहीत.” तिने कागद बाजूला सारला. “तीही तडकलीय. काल. मला माहीत होतं.”

बाई माझ्याकडे वळल्या. “सभागृहात खुर्च्या लावतायत ना? किती जण आहेत आत?”

“सहा.”

“बाहेर काढा. आत्ता. फोन करा, नाहीतर पळत जा.”

मी फोन उचलला. पलीकडे घंटी वाजत होती, कुणी उचलत नव्हतं, खुर्च्यांच्या आवाजात ऐकू जात नसावं. भाची हातातले दोन तुकडे एकमेकांना जुळवून बघत होती. ते जुळत होते, फक्त मध्ये केसाएवढा काळा धागा उरत होता.

“मामा,” ती म्हणाली.

त्यांनी रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली. दाराला त्यांनीच बसवलेली काच होती. ती खडखडू नये म्हणून कड हाताने धरून त्यांनी दार हळूच ओढून घेतलं, आणि ते सभागृहाच्या दिशेने निघून गेले.