मागून दिलेला धक्का

तो खेळ मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. नेदरलँड्समधल्या न्यूनेनला राहायला आलो तेव्हा आमची मुलगी नऊ वर्षांची होती. शाळेची सहल आइंडहोवनच्या बर्फाच्या रिंकवर गेली आणि ही आइस हॉकीच्या प्रेमात पडून घरी आली. नवऱ्याला केवढं कौतुक! आठवडाभर कंपनीत मीटिंगमध्ये मान डोलावणारा हा इंजिनिअर शनिवारी रिंकच्या काचेला नाक लावून "घुस, घुस!" असं मराठीत ओरडायचा. मी हँडीकॅमवर शूटिंग करायचे. पुण्याला आजी-आजोबांना टेप पाठवायची असायची, आणि डोळ्याला कॅमेरा लावला की बाकीच्या पालकांशी बोलावं लागायचं नाही.

तेराव्या वर्षी ती संघातली सगळ्यात उंच. मुलगे-मुली एकत्रच खेळायचे. या खेळात अंगानं धक्का देणं नियमात बसतं, फक्त मागून द्यायचा नाही. ट्रेनर मुलांना सांगायचा, "धक्का अर्धवट द्याल तर तुम्हालाच लागेल. द्यायचा तर पूर्ण द्या." मला तो माणूस डोळ्यासमोर नको असायचा.

त्या शनिवारी नायमेखनचा संघ आला होता. त्यांचा एक किरकोळ अंगाचा मुलगा कोपऱ्यात, कडेच्या फळ्यांकडे तोंड करून, अडकलेली खेळाची रबरी चकती काठीनं काढत होता. माझी मुलगी वेगात आली आणि तिनं दोन्ही हातांनी त्याच्या पाठीत धक्का दिला. तो डोक्यानं फळीवर आदळला. आवाज हेल्मेटचा होता, तरी माझ्या दातांत शिरला. मुलगा खाली घसरला आणि उठला नाही.

पंचाला धक्का नीट दिसला नव्हता. त्यानं हिला दोन मिनिटं बाहेर बसवलं, एवढंच. मुलाचे वडील बुटांनिशी बर्फावर धावले, "मान हलवू नका!" असं किंचाळत. दोन्ही बाजूंनी मान बांधून त्याला स्ट्रेचरवरून नेलं. माझी मुलगी बाकावर बसून पाणी पीत होती.

"अपघात आहे," गाडीत नवरा म्हणाला. "बर्फावर असं होतंच."

"तो ऐन वेळी वळला," मुलगी इंग्रजीत म्हणाली.

सोमवारी घरी कुणी नसताना मी टेप बघितली. तो वळला नव्हता. सबंध वेळ त्याची पाठ तिच्याकडे होती, पाठीवरचा आकडासुद्धा स्पष्ट वाचता येत होता. तिनं बघितलं, आणखी वेग घेतला आणि हात उचलले. मी चार वेळा बघितलं.

मग कळलं की त्याच्या मानेच्या मणक्याला तडा गेलाय. डोक्यालाही मार बसला होता. उजेड सोसत नव्हता, दोन ओळी वाचल्या की ओकारी यायची. हॉकी संघटनेची चौकशी सुरू झाली. मुलगा शेवटच्या क्षणी वळला, असं ट्रेनरनं लिहून दिलं. आमच्या बाजूचे पालकही तेच म्हणाले. संघाचं कामकाज बघणाऱ्या बाईंचा मला फोन आला. "तुम्ही शूटिंग करत होतात, नाही का? पण तो कोपरा तुमच्या जागेवरून दिसत नसेल बहुतेक."

मी नवऱ्याला टेप दाखवली. त्यानं ती पुरती बघितलीही नाही.

"पुसून टाक."

"काय म्हणालास?"

"तेरा वर्षांची आहे ती! तिच्या नावावर हे लावणार आहेस?"

"त्या मुलाच्या नावावर लावलंयच की तुम्ही सगळ्यांनी. तो वळला म्हणून."

"तू आई आहेस की पोलीस?"

दोन दिवसांनी मी मुलीला समोर बसवून टेप लावली. तिनं शांतपणे बघितली.

"ट्रेनरनं सांगितलं होतं मागून मारायला?"

"नाही."

"मग?"

"तो सारखा माझ्याकडून चकती काढून घेत होता. मला त्याला पाडायचं होतं."

माझा हात उठला. तिनं डोकं मागे घेतलं आणि मी थांबले.

दुसऱ्या दिवशी ट्रेननं एकटीच नायमेखनला गेले. मुलाच्या वडिलांनी दार उघडलं, पण आत या म्हणाले नाहीत. पडदे ओढलेल्या खोलीत, मानेला पट्टा लावून तो सोफ्यावर सरळ बसलेला मला दारातून दिसला. मी टेप पुढे केली आणि तिच्यात काय आहे ते सांगितलं.

"बारा दिवस लागले तुम्हाला?" ते म्हणाले.

आतून त्याच्या आईनं विचारलं, "मुलगी कुठे आहे?" वडिलांनी टेप घेतली आणि दार लावलं. स्टेशनपर्यंत चालताना मला त्यांचाही राग आला, हे लपवत नाही. आभार नकोत, पण निदान बसा म्हणायचं.

मुलीला उरलेल्या हंगामासाठी खेळायची बंदी झाली. ट्रेनरला समज मिळाली आणि तो जागेवर राहिला. रिंकवरच्या बायका सुपरमार्केटमध्ये मला बघून दुसऱ्या रांगेत जायच्या. गणपतीत भेटलेल्या आपल्याच एका बाईनं विचारलं, "स्वतःच्या पोरीविरुद्ध गं?" मी तिच्या हातातल्या प्रसादाकडे बघत राहिले. नवऱ्यानं उघडपणे पुन्हा विषय काढला नाही, पण कुठल्याही भांडणात "तुझं काय, तू देशील आम्हाला पकडून" हे यायचंच.

त्या मुलाचा पट्टा तीनेक महिन्यांनी निघाला. उन्हाळ्यापर्यंत तो अर्धा दिवसच शाळेत जात होता. तो पुन्हा खेळला नाही. हे सगळं त्याच्या आईच्या दोन ओळींच्या ईमेलवरून कळलं. मीच विचारलं होतं.

माझी मुलगी मात्र पुढच्या हंगामात परत गेली. मी अडवलं नाही आणि एकदाही बघायला गेले नाही. चार वर्षं खेळली. चांगली खेळायची म्हणतात.

शिकायला दुसऱ्या गावी जायच्या आदल्या दिवशी जेवताना ती अचानक म्हणाली, "आई, टेप द्यायच्या आधी तू मला विचारायचं होतंस. मी स्वतः जाऊन सांगितलं असतं त्यांना."

"नसतं सांगितलंस," मी म्हणाले.

तिनं ताट बाजूला सारलं आणि खोलीत जाऊन बॅग भरायला घेतली. मी तिच्या मागे गेले नाही.