बाबांनी मारुतीची भट्टी सोडली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, भावाला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय, तेही मला धड माहीत नाही — पण आता ऐका.

अमरावतीच्या एका वर्तमानपत्रात मी दर रविवारी खाण्यावर लिहिते. काही वर्षांपूर्वी शहरात एक बडं रेस्टॉरंट उघडलं. मुंबई-पुण्याच्या जाणकारांनी त्याला आधीच डोक्यावर घेतलं होतं. जेवण वऱ्हाडी, थाट परदेशी! मीही गेले. काळ्या पाटीवर एक रोडगा, म्हणजे आमच्याकडचा भाजलेला कणकेचा गोळा, आला, शेजारी वरणाचे थेंब आणि कसलंसं फूल. मी रोडगा फोडला. आत पीठ कच्चं होतं.

टेबलावरची सगळी जाणकार मंडळी माना डोलावत होती. मला कळलं नाही असं नाही — बोलायला मी भ्यायले. दर्यापूरकडची गावंढळ बाई, हिला काय कळतंय, असं कुणी म्हणालं तर? पैसे मला कुणी दिले नव्हते. दिले असते तर निदान काही कारण तरी झालं असतं, नाही का?

लिहायला बसले, तर त्या रोडग्याबद्दल लिहिण्यासारखं काहीच नव्हतं. मग मी बाबांचा रोडगा लिहिला.

हिवाळ्यात आमच्या गावच्या मारुतीला रोडग्यांचा नैवेद्य असतो, आणि गोवऱ्यांची भट्टी असायची बाबांच्या हाती. ओवा तळहातावर चोळून ते कणकेत घालायचे. रोडगा विस्तवातून काढायचा, फडक्यात धरून राख झटकायची, फोडायचा, वर तुपाची धार. तो राखेचा नि ओव्याचा वास मी जसाच्या तसा उचलला आणि त्या रेस्टॉरंटच्या नावावर लावला. लेख गाजला. त्यांनी तो चौकटीत घालून दारात टांगला.

बाबांनीही तो वाचला. फोनवर म्हणाले, "ओवा आपल्यासारखाच टाकतेत म्हन्तं तू. मले नेशीन का तिथं?"

किती सबबी सांगितल्या मी! शेवटी एक दिवस इस्त्रीचा सदरा घालून ते स्वतःच बसने आले.

बाबा म्हणजे कसा माणूस — लग्नाच्या पंगतीत यजमानाला तोंडावर सांगायचे, वरण खारट झालं. आई बिचारी पदराआड तोंड लपवायची. मला वाटलं, आता हे बोलणार. त्यांनी रोडगा फोडला, नाकाशी नेला, आणि माझ्याकडे पाहिलं. मी कुणाचा रोडगा लिहिला होता, ते त्यांनी ओळखलं. वेटरने विचारलं तेव्हा म्हणाले, "माह्या पोरीनं लिवलं तसाच हाय, भाऊ." आणि तो कच्चा गोळा शेवटच्या घासापर्यंत खाल्ला.

बस स्टँडपर्यंत आम्ही ऑटोत शेजारी बसून होतो. एक शब्द बोलता आला नसता का मला? मी उन्हाबद्दल बोलले.

त्यानंतर हिवाळ्यात मी गावी गेले नाही. कामं होती — छे, कामं कसली होती!

मग बाबा गेले. तेरवीच्या दिवशी शेजारच्या गंगूकाकू माझ्याजवळ येऊन बसल्या.

"तुह्या बाबानं मारुतीचे रोडगे करनंच सोडलं होतं व माय. लोक मांगं लागले, तं म्हने, पोरीनं अमरावतीले खाऊ घातले तसे आपल्याले जमत नाईत, आता माहे कायले? खरंच इतके चांगले असतेत का व तिथं?"

जन्मात खोटं न बोललेला माणूस गावभर माझं खोटं सांभाळत राहिला होता. ते खरं ठरावं म्हणून त्याने आपली भट्टीसुद्धा सोडली होती — आणि मला पत्ता नव्हता.

अजूनही वेळ होती. समोर बाबांचा हार घातलेला फोटो होता, बायका माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. आणि मी काय म्हणाले?

"हो काकू, लय चांगले असतेत."

तो लेख अजून त्या दारात आहे. तिथून जाताना भर रहदारीत मला ओव्याचा वास येतो. गाडी कडेला घ्यावी लागते. ते लोक रोडग्यात ओवा घालत नाहीत.

रोडगा कच्चा होता, बाबा.