बदकांच्या तलावात चार नंबरची होडी

वीस गेज पत्र्याची होडी, नऊ फूट बाय साडेतीन. दोन वल्ही, बांबूची. बसायच्या दोन फळ्या. एकशे बारा रिवेट. सगळं माझ्या हातचं, आणि आयटीआयचं तोंडही न पाहता केलेलं. फळीवरची गादी बायकोनं शिवली, तेवढं श्रेय तिचं. चार महिने लागले. तिनं एकच अट घातली होती, "तरली न्हाई तर म्हशीला गव्हाण करायची." त्या अटीपायी ही सहल.

आमच्या मिरजगावात होडी बुडायलाही पाणी नाही. सकाळी सहाला ती टेम्पोत बांधून आम्ही दोघं निघालो. हायवे झकास. नगरच्या अलीकडे मिसळ खाल्ली : सत्तर रुपये, तर्री उत्तम, पाव कालचा. शहराच्या पुढे कारखान्यांसाठी बांधलेला तलाव आहे. फलकावर तीन ओळी : पाणी औद्योगिक वापरासाठी. पाण्यात उतरण्यास सक्त मनाई. नौकाविहाराचा आनंद घ्या.

धक्का संपतो तिथून पाणी सत्तेचाळीस पावलं लांब. मी मोजली. मधल्या वाळलेल्या चिखलात फायबरची तीन बदकं उभी. त्यांत लाइफ जॅकेट घातलेली कुटुंबं मन लावून पायडल मारत होती. तिकीट साठ रुपये, वेळ पंधरा मिनिटं, पाटीवर बदकं मात्र एक ते चार नंबरची. ठेकेदारानं शिट्टी फुंकली, "दोन नंबर, किनाऱ्याला या!" दोन नंबर उतरले आणि चालत आले.

"पाणी कुठंय हो?" मी विचारलं.

"कंपनीत गेलंय काका, ड्यूटीवर. पावसाळ्यात सुट्टीला येतंय." मग टेम्पोकडे बघून म्हणाला, "ही गुळाची काहील कशाला आणली?"

"होडी आहे."

"इथं फकस्त बदकांना परवानगी हाय."

म्हणजे गव्हाणच. बायको टेम्पोची दोरी पुन्हा आवळायला लागली.

"चार नंबरचं बदक दिसत नाही?" मी ठेकेदाराला विचारलं.

"दुरुस्तीला गेलंय."

"मग आजच्यापुरती ही चार नंबर. दोन तिकिटं द्या."

त्यानं विचार केला आणि दिली. लाइफ जॅकेट चढवून आम्ही दोघांनी बेचाळीस किलोची होडी चिखलावरून ओढली. सपाट तळाची असल्यानं चार बोटं पाण्यात उचलली गेली. तरली! बायकोनं पिशवीतून तांब्या काढला.

"हा कशाला?"

"तुमचा भरवसा हाय म्हणून."

खोटं लिहिणार नाही : डावीकडचा सातवा रिवेट पाझरला, अर्धा तांब्या. बदकांतली माणसं पायडल सोडून आमच्याकडे बघत होती. "चार नंबर, या आता!" शिट्टी तीनदा वाजली. बायको म्हणाली, "अहो, अजून एक फेरी मारा. मला न्हाई ऐकू आली."

परतल्यावर ठेकेदार होडीभोवती फिरून फिरून पत्रा ठोकून बघायला लागला.

आता होडी परसात उलटी ठेवली आहे. सातवा रिवेट बदलला. म्हैस रोज वास घेऊन जाते. त्या दिवशी ठेकेदार होडी तिथल्या तिथं रोख घ्यायला तयार होता. पुढं बदकाची मान जोडायची, एवढंच त्याचं म्हणणं. मी नाही म्हणालो. चाळीस हजार देत होता.