हाक कुठून आली

त्याला सगळे उजवा म्हणत. तो कशात कुणापेक्षा उजवा होता असं मुळीच नाही. शाळेत तर दरवर्षी काठावर पास व्हायचा. नाव पडलं ते एका हेडफोनवरून. थोरल्या भावानं कुठूनसा एक जुना कॅसेट प्लेयर पैदा केला होता आणि त्याच्याबरोबर एकच हेडफोन, तोही मधोमध मोडलेला. मग एका खाटेवर डोक्याला डोकं लावून दोघं पडायचे. डावा तुकडा दादाच्या कानाला, उजवा धाकट्याच्या. आईनं दोन लेकरांत कधी डावं-उजवं केलं नाही. ते काम हेडफोननं केलं, आणि ते जन्मभर चिकटलं.

ऐकायला कॅसेटही एकच होती. परक्या भाषेतला तो एक अल्बम होता: एक माणूस यानात बसून निघतो, दूर जातो, वाट चुकतो. घुमणारे सिंथेसायझर, ताणत नेलेली गिटार, मधेच रेडिओची खरखर. शहाणी माणसं त्याला स्पेस रॉक म्हणत. हे दोघं म्हणत ‘यानवाली’. उजव्याच्या कानात यानातला माणूस आणि इंजिनाची घरघर यायची, दादाच्या कानात पृथ्वी. शेवटच्या गाण्यात एक बाई पृथ्वीवरून त्या माणसाला हाक मारते, तीही दादाच्याच वाट्याला आली होती. उजवा विचारायचा, “काय म्हणते रे ती?” दादा डोळे मिटून गंभीरपणे सांगायचा, “म्हणते, लवकर ये, जेवण गार होतंय.” धाकट्यानं हे कित्येक दिवस खरं मानलं. दादा सांगेल ते खरं, हा तेव्हा घरातला कायदाच होता.

पुढे दोघांची लग्नं झाली, केस पिकले. उजवा एका चष्म्याच्या दुकानात लागला. लोकांचे डोळे तपासायचे, काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, हे त्याचं काम. दादा मोठमोठे लोखंडी पाइप बनवणाऱ्या कारखान्यात क्रेन चालवतो. छताजवळच्या काचेच्या केबिनमध्ये तो बसतो आणि खालून पाइपांच्या मोळ्या उचलून शेडच्या या टोकाहून त्या टोकाला नेतो. खाली एक शिट्टीवाला असतो. त्याची शिट्टी आणि खालच्या माणसांच्या आरोळ्या, यांच्यावर दादाचं सगळं काम चालतं. क्रेनवर दादाचा जीव. सुट्टीच्या दिवशी बाजारात पिशवी उचलतानासुद्धा तो आधी शिट्टीची वाट बघतो, असं वहिनी सांगते आणि हसते.

पण एके दिवशी वहिनीचा फोन आला तेव्हा ती हसत नव्हती.

“भावोजी, ह्यांच्या कानाचं काहीतरी बिनसलंय. मी डावीकडून बोलले की ह्यांना पत्ताच नसतो. मला वाटलं, भांडण झालंय म्हणून बोलत नाहीत. मग आठवलं, भांडण तर झालेलंच नाही!”

“मळ असेल कानात,” उजवा म्हणाला.

“मळ नाही हो.” तिनं आवाज खाली आणला. “कारखान्यात मोळी झोकांडली म्हणे. एक माणूस बाजूला उडी मारून वाचला. शिट्टी उशिरा वाजली असं ह्यांनी सांगितलं, त्या शिट्टीवाल्याला घरी बसवलंय. पण शिट्टी वेळेवर वाजली असेल तर? तुम्ही बघा ना. माझ्यावर खेकसतील. तुमचं ऐकतात.”

ऐकतात, हा शब्द उजव्याच्या डोक्यात फिरत राहिला. दादाचा कान गेला असेल तर उद्या पाइपांखाली कुणीतरी मरेल. आणि तसं तोंडावर सांगितलं तर दादाची क्रेन जाईल, निवृत्तीला अवघी दोन वर्षं उरलेली असताना. क्रेनशिवायचा दादा कसा असेल ते उजव्याला डोळ्यांपुढे आणवेना. सरळ विचारायची सोय नव्हती, कारण दादाचा राग नाकाच्या शेंड्यावर. शेवटी त्यानं यानवालीचं निमित्त काढलं.

मुलीनं त्याला वाढदिवसाला तोच अल्बम नव्यानं मिक्स केलेला पाठवला होता, सराउंड साउंडमध्ये. जुन्या मूळ टेपा काढून कुणीतरी प्रत्येक वाद्य, प्रत्येक आवाज सुटा केला होता आणि ऐकणाऱ्याच्या चारी बाजूंना पुन्हा मांडला होता. घर बदलताना मुलीला नको झालेला स्पीकरचा संचही उजव्याकडेच येऊन पडला होता. तीन स्पीकर समोर टीव्हीपाशी ठेवले. मागच्या दोन स्पीकरपैकी डावीकडचा एका उलट्या डब्यावर ठेवला, उजवीकडचा इस्त्रीच्या टेबलावर. बायको माहेरी गेली होती हे बरंच झालं, नाहीतर आधी स्पीकर बाहेर गेले असते आणि मागोमाग नवरा.

रविवारी दुपारी दादा आणि वहिनी आले. दादानं खोलीभर नजर फिरवली.

“हे काय रे? घर आहे की विमानतळ?”

“बस तर खरं.”

“डावीकडे मी,” दादा म्हणाला आणि कोचाच्या डाव्या टोकाला ऐसपैस बसला. उजव्यानं यानवाली लावली.

आणि पहिली काही मिनिटं तो आपण कशासाठी हे सगळं मांडलंय ते साफ विसरला. इंजिनाची घरघर पाठीमागून सुरू झाली, डोक्यावरून पुढे गेली आणि भिंतीपलीकडे निघून गेल्यासारखी विरली. रेडिओची खरखर खांद्याजवळ आली. जन्मभर जे गाणं तो कानाला लावून ऐकत आला होता त्याच्या आत आज तो बसला होता. गिटार एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाताना त्याची मानही तिच्यामागे जात होती. त्याला भरून आलं. असं काही आपल्या पिढीला ऐकायला मिळेल हे कुणी तेव्हा खाटेवर सांगितलं असतं तर दोघांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

मागच्या डाव्या स्पीकरमधून कुणीतरी खाकरलं. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली वहिनी दचकून तिकडे वळली. “कोण आलं?” मग स्वतःलाच हसली. उजवाही वळला होता. असा आवाज आला की मान आपोआप वळते, तिला कुणी सांगावं लागत नाही.

दादाची मान वळली नव्हती. तो समोर बघत पायानं ताल धरून होता, चेहऱ्यावर छान समाधान होतं.

लक्ष गाण्यात असेल, उजव्यानं स्वतःला समजावलं. पुढे डाव्या बाजूनं पावलं वाजत आली तेव्हाही त्यानं तेच समजावलं. पण आता गाण्यातली मजा गेली होती. तो गाणं ऐकतच नव्हता, दादाची मान बघत होता.

शेवटचं गाणं लागलं. बाईच्या हाकेची जागा जवळ आली. जुन्या कॅसेटमध्ये ती नेहमी डावीकडून यायची. नव्यानं मिक्स करणाऱ्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं तिला उचलून उजवीकडे मागे नेऊन ठेवलं होतं. हाक आली ती थेट इस्त्रीच्या टेबलावरून. उजव्याच्या मानेवर काटा आला, तो गर्रकन वळला.

आणि दादानं डाव्या हाताचा अंगठा डाव्या खांद्यामागे दाखवला.

“आली बघ! माझ्या बाजूनं. काय साफ ऐकू येतंय रे!”

उजव्याच्या दुकानात काही ड्रायव्हर येतात. लायसन्ससाठी डोळे तपासून हवे असतात, पण नजर अधू झालेली असते. ते आधी बाकावर बसून राहतात, पुढची गिऱ्हाइकं तक्ता वाचतात तो ऐकून अक्षरं पाठ करतात. मग यांची पाळी आली की उजवा गुपचूप तक्ता बदलतो, आणि हे गडी छाती काढून जुन्याच तक्त्याची अक्षरं घडाघडा म्हणून दाखवतात. अशा कितीकांना त्यानं परत पाठवलं होतं आणि घरी येऊन त्यांच्या नकला केल्या होत्या. दादा त्या नकलांना पोट धरून हसायचा. आज दादानं पाठ केलेला तक्ता म्हणून दाखवला होता आणि उजव्याला रडू येत होतं.

तरी त्याला अजून एक खात्री हवी होती. किंवा खरं सांगायचं तर खात्री नको होती. तो उठला, डब्यावरचा स्पीकर सारखा करायचं नाटक करत दादाच्या डाव्या खांद्यामागे उभा राहिला. आणि चहा मागावा इतक्या साध्या आवाजात म्हणाला, “दादा, उद्या कामावर जाऊ नकोस.”

दादाचा पाय तालावर हलत होता.

“दादा. उद्या क्रेनवर चढू नकोस रे.”

पाय हलतच राहिला. उजव्यानं वर पाहिलं. दारात वहिनी चहाचे कप घेऊन उभी होती. तिनं दोन्ही वेळा ऐकलं होतं. तिनं कप खाली टेकवले, पुढे येऊन गाणं बंद केलं आणि दादाच्या समोर उभी राहिली.

“भावोजी तुमच्याशी बोलत होते.”

“कधी?”

“आत्ता. दोनदा.”

दादानं आधी उजवीकडे पाहिलं. तिकडे कुणी नव्हतं. मग सगळं अंग वळवून त्यानं डावीकडे मागे पाहिलं, तेव्हा त्याला भाऊ दिसला. क्षणभर त्याचा चेहरा एकदम म्हातारा झाला. मग राग आला.

“परीक्षा घेतोस माझी? चष्मेवाल्या! गाणी ऐकायला बोलावलं म्हणून मी नवा शर्ट घालून आलो!”

“कधीपासून आहे हे?” उजव्यानं विचारलं.

“काही नाहीये. कारखान्याचा डॉक्टर दरवर्षी विचारतो, ऐकू येतं ना? मी म्हणतो, येतं. लिहून टाकतो तो. तो काय वेडा आहे?”

“हाक उजवीकडून आली, दादा. त्यांनी ती बाई इकडे आणून ठेवलीय.”

दादा इस्त्रीच्या टेबलावरच्या स्पीकरकडे बघत राहिला, जणू त्या स्पीकरनंच घरभेदीपणा केला होता. मग बोलला तेव्हा आवाजातली सगळी मिजास गेली होती.

“एके दिवशी सकाळी उठलो तर ही बाजू बंद. उन्हाळ्यात. वाटलं, सुटेल. तसं ऐकू येतं रे मला. आवाज येतो. कुठून येतो तेच कळत नाही. वर केबिनमध्ये शिट्टी ऐकली की आधी सगळीकडे बघावं लागतं.”

“आणि त्या दिवशी?” वहिनीनं विचारलं.

“मी उजवीकडे बघितलं. शिट्टीवाला डावीकडे होता.”

“म्हणजे शिट्टी वेळेवर वाजली होती.”

वहिनी मटकन कोचावर बसली. शिट्टीवाला दादाच्या हाताखाली तयार झालेला, यांच्या घरी जेवून गेलेला माणूस होता. उजव्याला दादाची भयंकर चीड आली, आणि त्याच वेळी त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही एकदम करता येत नाही, म्हणून तो नुसता उभा राहिला.

“दोन वर्षं राहिलीत,” दादा जमिनीकडे बघत म्हणाला. “सांभाळून चालवीन. सावकाश. खाली उतरलो तर मी काय करू? गेटवर बसून गाड्यांचे नंबर लिहू? पोरं सलाम करतात रे मला. उद्या मी जाणार.”

उजव्यानं दादाला आयुष्यात कधी नाही म्हटलं नव्हतं. आताही त्याच्या तोंडून ‘नाही’ निघेना.

“जा,” तो म्हणाला. “मीही येतो. शिट्टीवाल्याची जागा रिकामीच आहे ना? मी उभा राहतो तिथे. डाव्या बाजूला, मोळीच्या खाली.”

“वेड लागलंय का तुला?”

“का? सांभाळून चालवणार आहेस ना?”

दादानं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं की हा धाकटा खरंच येईल. दुकानातून रजा काढून येईल, डब्यात पोळी बांधून येईल आणि खरंच तिथे उभा राहील. दादा सांगेल ते खरं मानत आलेला हा माणूस, दादा सांभाळून चालवीन म्हणाला तर तेही खरं मानून मोळीखाली उभा राहील.

चहा गार होत होता. बऱ्याच वेळानं दादानं खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि सुपरवायझरचा नंबर शोधला. अंगठा बटणावर दोनदा गेला आणि मागे आला. तिसऱ्यांदा त्यानं तो दाबला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं फोन डाव्या कानाला लावला.

“उचलत नाहीये,” तो थोड्या वेळानं म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका झाल्याचं समाधान होतं.

फोनमधून सुपरवायझर “हॅलो, हॅलो, बोला ना” म्हणत होता. ते उजव्याला ऐकू येत होतं, वहिनीलाही ऐकू येत होतं. वहिनी उठली, तिनं दादाचा हात धरला आणि फोन त्याच्या दुसऱ्या कानाला लावला.